सांगली चौदा

पद्माक्कांची आणि माझी ओळख झाली तेव्हा मी पृथ्वीपासून दीडशे प्रकाशवर्षांवर इंधन संपून पडलो होतो आणि माझा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता. या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच. साताऱ्यात पोवई नाक्यावर रिक्षातून उतरताना घोटा मोडला, डॉक्टरांनी सहा आठवडे घरी बसवलं, आणि पुण्याहून आलेल्या मुलीनं "बाबा, तुम्हाला ताऱ्यांचं वाचायला आवडतं ना," असं म्हणत माझ्या कॉम्प्युटरवर एक खेळ टाकला आणि ती परत गेली.

खेळ म्हणजे अख्खी आकाशगंगा होती. तारे इतके की खेळणाऱ्या सगळ्यांनी जन्मभर मोजले तरी पुरून उरावेत. जगभरातले हजारो लोक त्यात एकाच वेळी आपापली जहाजं घेऊन हिंडत असतात. आपल्यालाही एक जहाज मिळतं आणि पुढे काय करायचं हे कुणी सांगत नाही. तीस वर्षं सरकारी कार्यालयात टिप्पण्या लिहिल्यामुळे हा प्रकार मला अगदीच नवा नव्हता, पण कार्यालयात निदान आपली खुर्ची कुठली हे शिपाई दाखवतो. इथे स्थानकाचं दार सापडायला दोन दिवस लागले आणि त्या दारातून कुठेही न घासता बाहेर पडायला आणखी एक. पाचव्या दिवशी मी एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या घेत निघालो. उडीला इंधन लागतं हे मी वाचलं होतं. ते संपतं हे अनुभवानं कळलं.

सुदैवानं तोवर मी एका मराठी संघटनेत नाव घातलं होतं. तिचं नाव सह्याद्री अंतराळ दल. सभासद चाळीसच्या आसपास, आणि त्यातल्या प्रत्येकाला हुद्दा होता. दलाचे प्रमुख विजयराव फलटणचे. दिवसा ते तिकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलर सांभाळायचे आणि उरलेल्या वेळात सरसेनापती असायचे. मी नवशिका म्हणून शिलेदार. दलाची बोलण्याची एक सामाईक लाईन होती, कानाला हेडफोन लावला की सगळ्यांना सगळं ऐकू जायचं. त्या लाईनवर मी साताऱ्याहून बोलतोय म्हणत माझी अवस्था सांगितली. त्यावर सरसेनापतींनी भाषण केलं. संकटसमयी धैर्य, आपल्या मातीचा वारसा, दल पाठीशी खंबीरपणे उभं असणं, असं सगळं त्यात होतं. माझ्या जहाजात आता किती हवा उरली आहे, हा प्रश्न तेवढा नव्हता.

मध्येच एक बाईचा आवाज आला. सपाट, स्वच्छ, जराही न चढलेला.

"तीन मिनिटं झाली, फलटण. वाढवायचं का?"

सरसेनापती थांबले. असे ते कुणाहीमुळे थांबत नसत, हे मला पुढे कळलं.

"बोला, सातारा. कुठं अडकलाय?"

मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

"असू दे, कुणालाच नसतंय. डावीकडं कोपऱ्यात ताऱ्याचं नाव लिवलंय, ते अक्षरं लावून वाचा. हवा किती दाखवतंय?"

"एक तास दहा मिनिटं."

"मग लय हाय की. च्या घेतला का? न्हाई? मग घ्या जावा. कुठल्या बटणाला हात लावू नका. मी येतो." सांगलीकडच्या बायका असंच 'येतो, जातो' म्हणतात. आणि मग एकदम शुद्ध, कार्यालयीन मराठीत, "लाईनवर राहा."

चाळीस मिनिटांनी माझ्या खिडकीबाहेर एक बोजड, रंग नसलेलं जहाज येऊन उभं राहिलं आणि त्यानं आपल्या टाकीतलं इंधन माझ्या टाकीत सोडलं. जहाजाच्या पोटावर नाव होतं 'ऑर्डिनरी'.

पद्मावती मगदूम तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ट्रंक ऑपरेटर होत्या. ज्यांनी ट्रंककॉल लावलेला नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, एका गावाहून दुसऱ्या गावी फोन करायचा म्हणजे तेव्हा ऑपरेटरकडे नंबर नोंदवून वाट बघायची. ऑपरेटर समोरच्या फळीवर दोऱ्या खोचून दोन गावं जोडणार, तीन मिनिटं झाली की मध्ये येऊन वाढवायचं का विचारणार. कॉल तीन प्रकारचे. ऑर्डिनरी म्हणजे नंबर लागेल तेव्हा, अर्जंट म्हणजे लवकर, आणि लाइटनिंग म्हणजे बाकी सगळे बाजूला सारून. ऑपरेटर एकमेकींना नावानं ओळखत नसत. अक्का होत्या 'सांगली चौदा'.

त्यामुळे माणसाला गावाच्या नावानं हाक मारायची त्यांची सवय कधी गेली नाही. मी सातारा. औंधहून एक निवृत्त हवालदार खेळायचे, ते औंध. सरसेनापतींना फलटण म्हटलेलं मुळीच आवडायचं नाही. त्यांनी एकदा नम्रपणे सुचवलं, की दलाच्या शिस्तीसाठी हुद्द्यानं बोलवावं. अक्का म्हणाल्या, "हुद्दा तिकिटावर न्हाई." एक्स्चेंजमध्ये प्रत्येक कॉलचं एक तिकीट लिहीत, कुठून, कुठे, किती मिनिटं. त्या तिकिटावर जे नाही ते अक्कांच्या लेखी जगात नव्हतं.

खेळ त्यांच्याकडे आला तो मुलामुळे. मुलगा बंगळूरला नोकरीला गेला आणि मोठा कॉम्प्युटर, लाल-काळी खुर्ची आणि हे जहाज मागे ठेवून गेला. खेळातलं त्याचं नाव होतं 'रणसंहारक नव्व्याण्णव'. धूळ पुसता पुसता अक्कांनी एक दिवस ते सुरू केलं आणि पहिलं काम काय केलं, तर जहाजावरच्या सगळ्या बंदुका काढून टाकल्या. "घरात बंदुका कशाला?" मग खेळाच्या कंपनीला पत्र लिहून ते नाव बदलून घेतलं. नवं नाव अर्थात सांगली चौदा.

बंदूक नाही आणि सूर्यास्तानंतर खेळ नाही, हे त्यांचे दोन नियम. अक्का जैन. चौविहार पाळायच्या, म्हणजे सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. त्यामुळे पाच वाजता स्वयंपाकघरात, साडेपाचला जेवण, आणि त्याआधी जहाज कुठल्या तरी स्थानकात लावलेलं. मी एकदा म्हटलं, "अक्का, अंतराळात कसला सूर्यास्त? तिथं शेकड्यानं सूर्य आहेत."

"त्यातला सांगलीला कुठला दिसतो, ते बघा आन् मला सांगा."

मी दिनदर्शिकेत सांगलीचा सूर्यास्त बघून घेतला.

त्यांनी मला शिकवलं ते फार थोडं होतं आणि सगळंच्या सगळं उपयोगी पडलं. काही तारे इंधन देतात, काही देत नाहीत, तेव्हा उडी मारण्याआधी पुढचा तारा कुठल्या जातीचा आहे हे बघायचं. ताऱ्याजवळून जाता जाता इंधन ओढून घेणारं एक यंत्र असतं, त्याला खेळात स्कूप म्हणतात, बाकी काही नसलं तरी चालेल पण ते हवं. निघताना कुठे जायचं हे ठरवू नये, मुक्काम कुठे हे ठरवावं. आणि वाट चुकली तर हलू नये. "हलला की हरवला," त्या म्हणायच्या. "एका जागी असलेला माणूस सापडतोय."

त्यांच्या बंदूक नसण्याची मला भीती वाटायची. खेळात लुटारू असतात, आणि ती खरी माणसं असतात, म्हणजे जास्त वाईट. एकदा मी अक्कांच्या मागोमाग चाललो होतो. मी मात्र दोन तोफा बसवून घेतल्या होत्या. एक काळं, काटेरी जहाज आडवं आलं आणि इंग्रजीत गुरगुरलं, की माल टाका नाहीतर उडवतो. मी तोफा उघडायचं बटण शोधत होतो, ते सापडेपर्यंत अक्का बोललेल्या होत्या. एक्स्चेंजमधल्या इंग्रजीत.

"विच स्टेशन, प्लीज?"

तिकडून नुसतं "व्हॉट?" आलं.

"युवर टाऊन. व्हेअर आर यू स्पीकिंग फ्रॉम?"

त्यानं गावाचं नाव सांगितलं. दक्षिण अमेरिकेतलं कुठलंसं. अक्कांनी त्याला स्पेलिंग विचारलं. त्यानं एकेक अक्षर सांगितलं. मग अक्का म्हणाल्या, "थँक यू. नो कार्गो हिअर. ओन्ली ऑर्डिनरी." तो सॉरी म्हणाला आणि निघून गेला. मला बटण सापडलं तेव्हा मी चुकून अक्कांच्याच दिशेनं तोफा उघडल्या. त्या म्हणाल्या, "मिटा ते, सातारा. थंडी वाजंल."

एक्स्चेंजच्या गोष्टी त्या क्वचित सांगत. एकच मला आठवते. औंधच्या पोस्टात एक म्हातारी आली होती, सीमेवरून तिच्या मुलाचा कॉल होता. लाईन इतकी वाईट की दोन्ही टोकांना फक्त खरखर. मध्ये बसलेल्या अक्कांना मात्र दोघंही ऐकू येत होते. तेव्हा त्या त्याचं वाक्य तिला सांगत आणि तिचं त्याला. तीन मिनिटांची नऊ मिनिटं झाली, त्यांनी वाढवायचं का विचारलं नाही.

"काय बोलले दोघं?" मी विचारलं.

"ते तिकिटावर न्हाई."

"पण तुम्हीच तर सांगत होता एकमेकांना."

"सांगितलं ना. ज्याचं त्याला दिलं. मग माझ्याकडं कशाला ऱ्हाईल? आमाला पयल्या दिवशी शिकवलेलं, सातारा. ऐकू येतंय, पण ऐकायचं न्हाई."

आता अक्कांच्या जिवाला लागलेली एकच गोष्ट सांगतो.

या खेळात एखादा तारा आजवर कुणी पाहिलेला नसेल आणि तुम्ही तिथे जाऊन त्याचं मोजमाप घेतलंत, तर त्याच्यापुढे तुमचं नाव कायमचं लागतं. पहिली नोंद अमुक. अट एवढीच, की ते मोजमाप घेऊन सुखरूप स्थानकात परत यायचं आणि तिथे जमा करायचं. वाटेत जहाज फुटलं तर सगळं गेलं. अक्का अकरा महिन्यांपूर्वी आकाशगंगेच्या एका ओसाड कोपऱ्याकडे निघाल्या होत्या. रोज दुपारी तीन तास. इतक्या लांब धड स्थानकं नव्हती. कुठे एखादं मुक्कामापुरतं ठाणं मिळायचं, पण नोंदी जमा करायची सोय फक्त मोठ्या स्थानकात. प्रत्येक तारा त्या एका वहीत लिहीत, जुन्या तिकिटाच्या रकान्यांप्रमाणे. तेराशे सात तारे झाले होते. माझ्यासारख्यांना सोडवण्यासाठी जवळ असतील तेवढ्यापुरत्या वाट वाकडी करत, आणि आता घरी परत निघाल्या होत्या.

"एवढं नाव कशाला हवंय, अक्का?" मी एकदा विचारलं. मला नावांचा सोस असलेली माणसं बघायची सवय होती. अक्का त्यात बसत नव्हत्या.

त्या म्हणाल्या, "तीस वर्सं लोकांची लाईन जोडली. एक्स्चेंज बंद झालं तवा फळी भंगारात गेली, तिकिटं रद्दीत. सांगली चौदा कुटंच न्हाई आता. कुटंतरी असावं वाटतंय. लांब असलं तरी चालंल."

त्याच सुमारास सरसेनापतींनी मोहीम काढली. आकाशगंगेच्या मध्यापर्यंत. सात जहाजं, मुहूर्त, कॉम्प्युटरपुढे नारळ, नारळाचा फोटो, फोटोखाली सातही जणांचे हुद्दे. माझी चिटणीस म्हणून नेमणूक झाली, म्हणजे घरी बसून वृत्तांत लिहायचा. जहाजांवर तोफा, निशाणं आणि सोनेरी रंग चढवला. एवढं सगळं बसवताना जागा कमी पडली तेव्हा स्कूप काढले. अक्कांनी एकदाच सांगितलं, "फलटण, तोफा उतरवा, स्कूप बसवा." सरसेनापती म्हणाले, मोहिमेला शोभा हवी. प्रत्येक मुक्कामावर त्यांनी एकेका सहकाऱ्याचा सत्कार केला, त्यालाही इंधन लागतं, कारण सत्कारासाठी सगळ्यांना एका जागी यावं लागतं.

तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, सातही जहाजं ओळीनं बंद पडली. आजूबाजूला मंद, इंधन न देणारे तारे. खेळाचा नियम असा, की जहाज बंद पडलं की आत काही तासांची हवा उरते आणि कॉम्प्युटर बंद केला तरी ते घड्याळ चालू राहतं. एकेकानं लाईनवर मदत मागितली. सरसेनापतींनी मागितली नाही. सहाव्या माणसानंतर पाऊण तासानं त्यांचा आवाज आला, तोही परिस्थिती नियंत्रणात असल्याचं सांगायला.

अक्का त्यांच्यापासून तीन तासांवर होत्या. घरच्या स्थानकापासून दोन दिवसांवर. दुपारचं जेवण आटोपून नुकत्याच बसल्या होत्या. त्यांनी वहीचं पान उलटून सात तिकिटं लिहिली.

"अक्का," सरसेनापती म्हणाले, "मी प्रमुख आहे. माझ्यापासून सुरुवात केली तर दलाच्या दृष्टीनं..."

"लाइटनिंग न्हाई इथं. सगळं ऑर्डिनरी. तुमचा नंबर सातवा. लाईनवर राहा."

चारच्या सुमारास त्या पोचल्या. पुढे जे झालं ते मी घरी बसून ऐकलं आणि माझ्या वृत्तांतात नीट लिहिता आलं नाही. तीन जहाजं भरायची, मग दूरच्या एका चांगल्या ताऱ्याशी जाऊन आपली टाकी भरून आणायची, मग पुढची तीन. सहावं भरून झालं तेव्हा साडेपाच वाजले होते. दिनदर्शिकेत सूर्यास्त सहा वाजून चार मिनिटांनी होता. सरसेनापतींची हवा साडेसहापर्यंत. त्या ताऱ्याशी जाऊन परत यायला पाऊण तास.

लाईनवर सगळ्यांना हे गणित कळत होतं. आता जेवायला उठल्या तर सरसेनापतींचं जहाज जाणार. नाही उठल्या तर सूर्यास्तानंतर न खेळण्याचा नियम मोडणार, उद्या सकाळपर्यंत पाणीही नाही, आणि अक्का दुपारपासून पाणी प्यायलेल्या नव्हत्या.

तेव्हा सरसेनापतींचा आवाज आला, पण तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता. बॉयलरपाशी उभा असलेला माणूस बोलतो तसा होता.

"अक्का, ऱ्हाऊ द्या. जहाजच हाय. गेलं तर गेलं. तुमी जेवून घ्या."

"लाईनवर राहा, फलटण."

"आवं, पन तुमचं पानी तरी..."

"तीन मिनिटं झाली," अक्का म्हणाल्या. खरं तर अर्धंही झालं नव्हतं.

सहा वाजून चोवीस मिनिटांनी त्यांनी सातवं जहाज भरलं. आणखी एक खेप मारायला वेळ उरला नव्हता म्हणून स्वतःच्या परतीसाठी राखलेलं इंधनही दिलं. मग "उपास घडला, बरं झालं," असं म्हणून हेडफोन काढल्याचा आवाज आला.

उरलेल्या इंधनात तो चांगला ताराही गाठता येत नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना लांबची सुरक्षित वाट सोडून जवळचं स्थानक गाठावं लागलं. तिथल्या दाराशी लुटारू टपून बसतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी लाईनवर होतो. अक्कांनी विचारलं, "विच स्टेशन, प्लीज?" या वेळी समोरच्यानं गावाचं नाव सांगितलं नाही.

खेळ दयाळू आहे. जहाज फुटलं की तुम्हाला तसंच नवं कोरं जहाज देतो, जिथून निघालात त्या स्थानकात. अक्का अकरा महिन्यांपूर्वी जिथे होत्या तिथे परत आल्या. तेराशे सात ताऱ्यांवर कुणाचंच नाव नव्हतं.

"कट झाला," त्या म्हणाल्या. आणि मग, "पुना लावायचा."

पाय बरा झाल्यावर मी एसटीनं सांगलीला गेलो. मार्केट यार्डाच्या मागे दोन खोल्यांचं घर, आत शिरताच हळदीचा वास. बाई इतक्या लहानखुऱ्या असतील असं आवाजावरून वाटलं नव्हतं. सुती लुगडं, जाड चष्मा, पदरावरूनच हेडफोन. मुलाच्या त्या लाल-काळ्या खुर्चीत बसल्यावर त्यांचे पाय जमिनीला पोचत नव्हते, म्हणून खाली लाकडी पाट ठेवला होता. मला त्यांनी पाच वाजता जेवायला बसवलं. कांदा, लसूण, बटाटा काही नसलेलं ते जेवण मी दोनदा वाढून घेतलं.

वही कुठे आहे, मी विचारलं.

"फलटण आलेला काल. झेरॉक्स काढून घेऊन गेला."

मी घास खाली ठेवला. म्हटलं, अक्का, त्या वहीत तेराशे सात ताऱ्यांचे पत्ते आहेत. आता कुणीही जाऊन त्यावर आपलं नाव लावू शकतो. आणि नाव लावण्याची हौस त्या माणसाइतकी मी जिल्ह्यात दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. वाटेत त्यांनी तुमच्याच तीस-चाळीस ताऱ्यांजवळून जहाजं काढली आहेत, त्यांची मोजमापं आत्ता त्यांच्याकडे आहेत.

"मागितली, दिली," अक्का म्हणाल्या. "आमटी वाढू का?"

मी परतीच्या बसमध्ये कराडपर्यंत मनातल्या मनात सरसेनापतींवर एक कडक टिप्पणी लिहीत होतो. तीस वर्षांच्या सरावामुळे ती चांगली उतरली.

चार दिवसांनी मोहिमेच्या वृत्तांतासाठी मी त्यांना फोन केला. किती तारे नोंदवले त्याचा आकडा हवा, असं जरा खोचकच म्हटलं.

"आकडा न्हाई, चिटणीस."

"म्हणजे?"

"पुसलं सगळं. वहीशी ताडून बघितलं, माझ्याकडं अक्कांचे अडतीस निघाले. तेवढेच निवडून पुसाय येत न्हाईत, पुसायचं तर सगळंच. मग पुसलं. सातही जणांनी."

"मोहिमेतलं सगळं?"

"व्हय. आता वृत्तांतात काय लिहायचं ते तुमी बघा."

दुसऱ्या दिवशी दलाच्या फळ्यावर फर्मान आलं. सरसेनापतींची फर्मानं एरवी दोन पानी असतात आणि अर्धं पान बिरुदांना लागतं. हे तीन ओळींचं होतं. सोबतच्या यादीतले तेराशे सात तारे दलातल्या कुणीही मोजू नयेत. त्या बाजूनं जावं लागलंच तर नुसतं पुढे जावं. दिसले तरी बघू नयेत. खाली सहीच्या जागी हुद्दा नव्हता. फक्त 'फलटण'.

त्यांच्या कारकिर्दीतलं पाळलं गेलेलं हे एकमेव फर्मान. माझी टिप्पणी मी फाडली. एवढ्या मोठ्या आकाशात बाहेरचं कुणी त्या कोपऱ्याकडे फिरकण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच, पण फलटण रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्या वाटेच्या तोंडाशी जहाज उभं करून अर्धा तास पहारा द्यायचे, असं औंध मला म्हणाले. खरं-खोटं ठाऊक नाही.

अक्कांना मी शेवटचा भेटलो त्याला आता बरेच दिवस झाले. त्या नव्यानं निघून चार महिने झाले होते आणि त्याच वाटेनं तेच तारे पुन्हा मोजत होत्या. वहीत जुन्या नोंदींपुढे लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. चारशे अकरा. अजून एकही जमा नव्हता. मी बाजूच्या स्टुलावर बसून बघत होतो. समोर एक पिवळट तारा आणि त्याच्याभोवती कडी असलेला ग्रह. अक्का म्हणाल्या, "ह्यो मागच्या वेळी मला लय आवडलेला." कुणीही पाहिलेला नाही, असं पडद्यावर लिहून आलं.

तेवढ्यात लाईनवर एका बाईचा घाबरलेला आवाज आला. बाई विट्याजवळच्या कुठल्या मळ्यातून बोलत होती.

"आवं, कोन हाय का तितं? मालकांचं जहाज हाय ओ. ते शेताकडं गेल्यात. मी नुस्ती बघाया बसले आन् ते सुटलं. कुटं आलंय काय कळंना झालंय. त्ये यायच्या आत जाग्यावर लावाय पायजे, न्हाईतर काय खरं न्हाई माजं."

"बोला, विटा. घाबरू नका. च्या घेतला का?"

ती कुठे आहे ते अक्कांनी अक्षरं लावून वाचून घेतलं. ते ठिकाण मी नकाशात पाहिलं. अक्कांच्या वाटेवर नव्हतं. मध्ये ते लुटारूंचं स्थानक लागत होतं, मागच्या वेळचं. मी तोंड उघडलं. अक्कांनी माझ्याकडे न बघता हात वर केला, एक्स्चेंजमध्ये शेजारणीला गप्प करत असतील तसा.

"लाईनवर राहा, विटा."

त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका बघितली, मग घड्याळ. पाचला दहा कमी होते. हेडफोन मानेवर उतरवून त्या आत गेल्या, एक भाकरी आणि आमटी घेऊन आल्या आणि उभ्या उभ्या, न बोलता, भराभर जेवल्या. मग एक पेला पाणी प्यायल्या. परत भरला, तोही प्यायल्या. तिसरा घोट घोट करत शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, पेला खिडकीत पालथा घातला, पाय पाटावर ठेवले आणि जहाजाचं तोंड फिरवलं.